गुड्डीची सर्दी आणि अंगणातली मोहफुलं

रविवारी सकाळी गुड्डीच्या नाकातून रक्त आलं. थेंबभरच... पण तिच्या पांढऱ्या फ्रॉकवर पडलं आणि मी तिला उचलून दादाकडे धावले.

गुड्डी म्हणजे माझ्या दादाची मुलगी, तीन वर्षांची. वहिनी दुसऱ्या बाळंतपणासाठी देवरीला माहेरी गेलीय. जाताना म्हणाली होती, तू आहेस म्हणून मी निवांत जाते... तेव्हापासून मी काही निवांत नाही.

सर्दी तिला आठवडाभर होतीच. सालेकसाच्या दवाखान्यात दाखवून औषध आणलं, पण फरक पडेना. उलट नाकाला एक आंबूस, घाण वास यायला लागला.

शेजारच्या काकूंनी तिला कडेवर घेतलं आणि तोंड फिरवून विचारलं, "या पोरीले कोणी मोहाची पाजली का वं?" आमच्याकडे सर्दी झाली की पोरांच्या छातीला मोहाची दारू चोळणारी माणसं अजून आहेत. त्यामुळे सगळ्यांनी एकदम माझ्या वडिलांकडे, आबांकडे पाहिलं... आबा अर्ध्या जेवणावरून उठून गेले.

काकूंनीच मग उपाय सांगितला. चिमूटभर तपकीर हुंगायला दे, शिंकेल आणि मोकळी होईल. मी नको म्हटलं. शाळेत जायच्या आधी आबांनीच मला घरी अक्षरं शिकवली, आणि खात्री नसेल तर पाटीला पेन्सिल लावायची नाही हा त्यांचा नियम होता. ती सवय अजून आहे... घरच्यांना तिचा बराच त्रास होतो.

रक्त पाहिल्यावर मात्र दादाने मोटरसायकल काढली आणि आम्ही थेट गोंदिया गाठलं. रस्ताभर माझ्या डोक्यात नको नको ते आजार येत होते. प्रत्येक आजार मी वहिनीला फोनवर कसा सांगेन, तेही सोबत येत होतं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी ताप पाहिला, छाती तपासली, घसा पाहिला. मग विचारलं, नाक दोन्ही बाजूंनी वाहतं की एकाच?

दादा म्हणाला, दोन्ही. मी म्हटलं, एकाच... डावीच. रोज पुसणारी मीच, उजवी नाकपुडी नेहमी कोरडी असायची. गावात हे कोणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी वाकून गुड्डीच्या नाकाजवळ स्वतःचं नाक नेलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "घरी मोह आहे का?"

दादाचा चेहरा ताठ झाला. "आमी लेकराले दारू नाही पाजत जी, मॅडम."

"दारू नाही हो, फुलं. अंगणात वाळून राहिली आहेत का?"

वाळत होती... अर्धं अंगण भरून. आणि गुड्डी दिवसभर त्यातच खेळायची.

मॅडमनी नाकात बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा मलाही दिसलं. खोलवर काहीतरी काळपट, फुगलेलं. सुकलेलं मोहफूल मनुक्याएवढं असतं, ओल लागली की फुगतं आणि आंबतं... ते आमच्या पोरीच्या नाकात आंबत बसलं होतं.

आजार नाही, एवढं कळून मी श्वास सोडला. पण मॅडमनी पुढचं सांगितलं. फूल मऊ झालंय, चिमट्याने धरायला गेलं तर मागे सरकेल, श्वासनळीतही उतरू शकेल. तपकिरीचं सांगितलं तेव्हा, दिली नाही हे बरं केलं, हुंगताना फूल आत ओढलं गेलं असतं, म्हणाल्या. आधी एक साधा उपाय करून पाहू, नाही जमलं तर भूल देऊन काढावं लागेल.

त्या उपायाला मुलीची आई लागते. आई देवरीला... "मग तुम्ही," मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या.

तिच्या तोंडावर माझं तोंड घट्ट ठेवायचं, मॅडम उजवी नाकपुडी दाबून धरणार, आणि मी एकाच झटक्यात फुंकर मारायची. हवा घशातून वर चढते आणि अडकलेलं बाहेर ढकलते.

मी विचारलं, जोरात बसली तर फुफ्फुसाला काही होईल का... हळू बसली तर... आणि तिने नेमका तेव्हाच श्वास आत ओढला तर? मॅडमनी एकेकाचं उत्तर दिलं. मग म्हणाल्या, "झाले प्रश्न? आता फुंका."

गुड्डीला सांगितलं, आत्या पप्पी घेणार आहे. पहिली फुंकर मी इतक्या भीत भीत मारली की ती खुदकन हसली. सिस्टर म्हणाल्या, "दीदी, चाय ठंडी नहीं करनी है... ज़ोर से."

दुसऱ्या वेळी डोळे मिटले. आत काहीतरी अडल्यासारखं लागलं... आणि मी सगळा जीव एकवटून फुंकले.

माझ्या गालावर काहीतरी ओलं, घाण येऊन आपटलं. इतकी घाण गोष्ट इतक्या आनंदाने मी कधी पुसली नसेल.

मॅडमनी पुन्हा दोन्ही नाकपुड्या पाहिल्या, कानही पाहिले, न जाणो तिथेही काही असायचं. सगळं साफ होतं. दादाने एवढंच विचारलं, "काऊन टाकलं वं नाकात?" गुड्डी म्हणाली, वास घेऊन राह्यली होती.

परतताना आमगावला पेट्रोल भरायला थांबलो. गुड्डी एकदम मान वर करून म्हणाली, "आत्या, भज्याचा वास येऊन राह्यला." मला काहीच दिसेना... भज्याची गाडी रस्त्याच्या पलीकडे, ट्रकच्या आड होती. दादा तिकडे चालायला लागला.

त्या भज्याच्या गाडीजवळूनच मी वहिनीला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मॅडम, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं... पण सांगताना माझा आवाज एकदाही कापला नाही, ते तुमच्यामुळे.