दाजींचं अडखळणारं विमान

फोनवर दाजींचं नाव दिसलं आणि पलीकडचं काही ऐकून न घेता मी सुरू झालो, "हो दाजी, लक्षात आहे, या रविवारी नक्की येतो, गेल्या वेळी ऑफिसात गाड्यांचा गोंधळ झाला होता..." सबब मी एका दमात सांगतो. मध्ये श्वास घेतला तर समोरच्याला बोलायला जागा मिळते. या वेळी जागा मिळूनही कोणी बोलेना. मग आक्काचा आवाज आला. "सुभाष, ह्ये गेलं रं... आत्ता, च्या घेता घेता." थोरल्या बहिणीने नवरा गेल्याचं सांगायला फोन केला आणि तिला आधी माझी सबब ऐकावी लागली. त्याला आता दीड महिना होईल. हल्ली फोन घेतला की 'हॅलो' म्हणून मी गप्प बसतो. लोकांना वाटतं, रेंज गेली.

आक्काचं सासर उरवडे. दाजींनी तिथल्याच एका कारखान्यात तीस वर्षं पत्रा दाबणारं प्रेस मशीन चालवलं. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी अर्धी तिथेच ठेवली. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "मशीन सांगत हुतं, म्या ऐकलं न्हाई. चूक माजी." मशीन सांगतं यावर त्यांची श्रद्धाच होती. विहिरीवरची मोटर असो की आक्काचा मिक्सर, आधी त्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. लेक लग्न होऊन गेली तेव्हा तिचा कंप्युटर मागे राहिला आणि त्यात विमान उडवायचा एक खेळ होता. जन्मात कधी विमानात न बसलेला हा माणूस रोज सकाळी डेअरीला दूध घालून आला की विमान उठवायचा आणि मुळशीच्या पाण्यावरून वळसा घेऊन आपलं घर शोधायचा. "हितं आपला पत्रा निळा दावतोय, पाव्हणं. आपला कुटं निळा हाय?" पण विमान सरळ जाईना. डोंगर दिसायचा, जागीच गोठायचा आणि एकदम नाकासमोर यायचा. "नांगराला जुंपल्यावानी चालतंय," दाजी म्हणायचे.

इथे माझा प्रवेश झाला. माण गावातल्या एका मोठ्या कंप्युटर कंपनीत मी नोकरीला आहे हे खरं. पण तिथे मी माणसांना घरून आणणाऱ्या-पोचवणाऱ्या गाड्यांच्या पाळ्या लावतो. गळ्यात कंपनीचा पट्टा असल्यामुळे सगळ्या गोतावळ्यात मी 'कंप्युटरमधला'. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही; लग्नकार्यात त्यावर पुढची खुर्ची मिळते. तर मी ऐटीत एक जुनं ग्राफिक कार्ड मिळवलं. पडद्यावरची चित्रं भराभर काढायचं काम हे कार्ड करतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. ते कंप्युटरच्या डब्यात बसवलं, झाकण लावलं, पडद्याची वायर होती तिथे परत खोचली. विमान तसंच अडखळत राहिलं. दाजींनी मागे वाकून पाहिलं. "पाव्हणं, ह्या नव्या कार्डाला मागं खाच हाय. ती रिकामी कशापायी?"

"ती राखीव असते," मी म्हणालो.

"व्हय का?" एवढंच बोलून ते बसले. बायकोच्या भावाची चूक तोंडावर काढायची नाही, ही त्यांच्या घराची रीत. ती मला त्या दिवशी फार सोयीची वाटली.

मग माझे रविवार सुरू झाले. सायकलच्या पंपाने डब्यातली धूळ उडवली. चित्रांचं सॉफ्टवेअर काढून परत घातलं. चित्र इतकं भरड केलं की मुळशीचे डोंगर विटांच्या ढिगासारखे दिसू लागले. झाकण उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावला तेव्हा आक्का म्हणाली, "त्याला वारा, आन् मी चुलीम्होरं!" माझं एकच काम यशस्वी झालं. मशीन चालू केलं की विमान आपोआप सुरू व्हायचं. शेवटी मला लाज वाटू लागली. पट्टा गळ्यात आणि अक्कल... मी जायचं टाळू लागलो. शेवटच्या महिन्यात दाजींचे तीन फोन आले. "पाव्हणं, चित्र परत अडकतंय." तिसऱ्या वेळी म्हणाले, "एकडाव येऊन जा. जरा बोलायचं बी हाय." मी चित्राचं तेवढं ऐकलं आणि पुढची तारीख दिली.

तेरावं झाल्यावर मी आणि बायको परत उरवड्याला गेलो. भिंतीवर लावायला दाजींचा एक बरा फोटो हवा होता, तो कंप्युटरात होता. मी मशीन चालू केलं. विमान उठलं आणि पाण्यावरून असं गेलं की मी खुर्चीत मागे सरकलो. कुठे थांबणं नाही, गचका नाही. वाकून पाहिलं तर वायर खालच्या, नव्या कार्डाच्या त्या 'राखीव' खाचेत.

"ते व्हय? ते त्यांनी दिवाळीतच केलं," आक्का म्हणाली. "तू येणार म्हणलं की काढून परत वर लावायचं. म्हणायचं, पाव्हणा एवढ्या लांबनं येतो, त्याला काय काम नको का?"

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच राहिलं. म्हणजे दिवाळीपासून चित्र अडकतच नव्हतं. मग ते तीन फोन?

आक्काने टेबलाच्या खणातून एक घडी घातलेला कागद काढला. "ह्यात काय लिवलंय बघ की. मला ते डाक्टरचं अक्षर लागत न्हाई." पिरंगुटच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. छातीत कळ येते, मोठ्या दवाखान्यात हृदयाची तपासणी ताबडतोब करावी, येताना घरचं कोणीतरी सोबत आणावं. तारीख पाहिली. पहिला फोन मला त्याच संध्याकाळी आला होता. मी वाचून दाखवलं. आक्काने कागद माझ्या हातातून घेऊन परत तशीच घडी घातली. घाबरेल म्हणून दाजींनी तिला सांगितलं नव्हतं आणि सोबतीला येणारा माणूस तारखा देत होता... तिने विचारलं, "तुला काय बोललं हुतं का रं ह्ये?"

"नाही," मी म्हणालो.

पुढचं मला नीट आठवत नाही. फोटो काढून घेतला, चहा घेतला असेन. मशीन बंद केलं तेव्हा डब्यावर नकळत तळहात ठेवला होता. पंखा थांबेपर्यंत हाताला थरथर लागत राहिली. गाडी उरवड्याच्या बाहेर आली तेव्हा मी बायकोला सगळं सांगितलं, तिन्ही फोन, 'बोलायचं बी हाय', आणि आक्काला दिलेलं उत्तर. सांगून झाल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी बायको आहे, मी समजूनच घेणार. गाडी वळवा."