पवनीच्या बाजारातली झडती

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे पवनीच्या बाजारात जाऊन मिरचीचे भजे खाल्ले. त्यानंतर तिचं फिरणं बंद झालं, मग उठणं बंद झालं, आणि एका दुपारी घरच्याच खाटेवर ती गेली. त्याला महिना उलटून गेला. भेटायला येणारे म्हणतात, बाई मोठी साधीभोळी होती हो. गेलेल्या माणसाबद्दल लोक वाट्टेल ते बोलतात... साधी होती, ते खरं. भोळी मात्र बिलकूल नव्हती. साऱ्या नागपुरात तिच्याएवढी संशयी बाई मी पाहिली नाही, आणि हे मी सांगतो आहे, ज्याची अख्खी नोकरी कापडाच्या गिरणीच्या गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांची झडती घेण्यात गेली.

तिचं नाव कौसल्या. मी नावानं कधी हाक मारली नाही. मी 'अवं' म्हणायचो, ती 'अजी' म्हणायची. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे घरात एकमेकांवर संशय घ्यायला आम्ही दोघंच. माझी शाळा चौथीत सुटली. लिहिण्यात चुकलं तर हे छापणाऱ्या पेपरच्या पुरवणीवाल्यांनी दुरुस्त करावं, पण गोड करू नये. तिला गोड बोलण्याची मोठी चीड होती. दूधवाला हसला की ती दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहायची. मी गेटवर दिवसभर लोकांचे डबे उघडून, पिशव्या चाचपून घरी यायचो आणि दारातच माझी झडती सुरू व्हायची. तोंडाचा वास, सदऱ्याचा खिसा, उशीर काहून झाला. पहिलं उत्तर तिनं जन्मात कधी मानलं नाही. तेच पुन्हा विचारायची, मग जेवताना विचारायची, मग झोपताना दुसऱ्या बाजूनं विचारायची. गिरणीत एवढा पक्का चौकीदार असता तर सुताचा धागाही बाहेर गेला नसता.

पवनीला आम्ही दरवर्षी दिवाळीनंतर जायचो. उमरेड, भिवापूर करत एस.टी. जाते. वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. कोट आहे, खंदक आहे, मोठी वेस आहे, आणि बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक तिथं उतरतात. आम्ही जायचो ते लुगड्यासाठी. नागपूरचा दुकानदार दिव्याखाली कापड दाखवतो म्हणून तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. पवनीत एका म्हाताऱ्या विणकराच्या घरी, मागाजवळ, उन्हात नेऊन ती लुगडं पाहायची. पदर उलटा करायची, धागा ओढायची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो. विणकर म्हणाला, "बाई, रंग पक्का आहे, मेलेल्या बापाची शपथ घेतो."

"मेला आहे नं तो? मंग त्याले काय फरक पडते?" ती म्हणाली. "पानी आना."

म्हातारा आधी चिडला, मग एवढा हसला की त्यानं खरंच लोटा आणला. रंग पक्का निघाला. त्यानंतर दरवर्षी आम्ही दारात दिसलो की तो बायकोला आत आवाज द्यायचा, "पानी आन वं, नागपूरची पोलीस आली." पण ओळख झाली म्हणून हिनं लुगडं भिजवणं काही सोडलं नाही.

लुगडं झालं की आम्ही गाव पाहायचो. एका वर्षी गावाबाहेरच्या टेकडीवर सरकारी लोक खोदकाम करत होते. दोऱ्या बांधलेल्या, खड्डे चौकोनी, आणि शिकलेली माणसं उन्हात बसून विटांवरची माती ब्रशनं झाडत होती. हिनं मला बाजूला ओढलं. "सोनं सापडलं असन. नाही तं विटा कोन झाडते?" टोपीवाला एक साहेब भला माणूस होता. त्यानं समजावलं, की बाई, हा फार जुना स्तूप आहे, दोन हजार वर्षांचा. ही म्हणाली, "तुमाले कोनं सांगतलं?" साहेब माझ्याकडे पाहू लागला. मी टेकडी उतरायला लागलो. तिथं पाच तोंडांचा गणपतीही आहे. लोक हात जोडतात आणि निघतात. ही त्याच्याभोवती फिरून तोंडं मोजायची. दरवर्षी मोजायची. मी म्हणालो, "अवं, मागच्या साली पाच होते, औंदा कमी होतीन का?" तर म्हणाली, "पाहून घेतलं तं देवाले राग येते का?"

मागच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. धंतोलीतल्या एका डॉक्टरनं तेल, तिखट सारं बंद केलं. तिच्या जेवणात मिरची नाही म्हणजे काही नाहीच. मग मी घरातला चौकीदार झालो. ती ठेचा चोरायची, मी पकडायचो. पदराच्या गाठीत हिरवी मिरची बांधून ती संडासात जाऊन खायची, हे मी माझ्या गिरणीतल्या अकलेनं हुडकून काढलं. आमचं भांडण चार घरांत ऐकू जायचं. "तुमी माये नवरे आहा का जेलर?" असं ती विचारायची. ते महिने, आता वाटतं, चांगलेच होते...

मग तपासण्या झाल्या. डॉक्टरनं तिला नर्सबरोबर वजन करायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, "आता पथ्य राहू द्या. जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. कुठं जावंसं वाटलं तर घेऊन जा." हे वाक्य मी दुसऱ्यांच्या घरी ऐकलेलं होतं. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी मी त्याच्यावर संशय घेतला. जो माणूस इतके महिने मिरचीला विष म्हणत होता तो एका मिनिटात ती परत कशी देतो? तेच कागद घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. तोही तेच बोलला. मला वाटलं, दोघं मिळालेले आहेत. घरी येऊन न्हाणीत पाण्याचा नळ सोडून बसलो, तेव्हा मग संशय संपला.

त्या दिवशी धंतोलीच्या डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा ती बाकावर, दाराच्या अगदी समोर बसलेली होती. "काय म्हनला?" "गोळ्या बदलल्या." रिक्षात पुन्हा विचारलं. रात्री पुन्हा. मी गोळ्यांवरच राहिलो. तिला कळू द्यायचं नाही, एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. कारण मी तिला ओळखत होतो. कळलं असतं तर तिनं रात्र रात्र स्वतःचंच पोट चाचपलं असतं, आज किती दुखलं, काल किती दुखलं. तेवढी तरी झोप तिची राहावी. दार नीट लागलं होतं की फट होती, ते मात्र मी पाहिलं नाही. गेटवर जन्म काढलेल्या माणसानं नेमकं तेवढंच पाहिलं नाही.

पवनीची गोष्ट मीच काढली. ती म्हणाली, "आता काहून? लुगडं तं आहे." मी म्हणालो, असंच, तुला बरं वाटेल. तिनं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. एस.टी.त मी तिच्यासाठी खिडकीवर दुपट्टा टाकून जागा धरली, तर म्हणाली, "आज काय लगन आहे का मायं?" भिवापूरला मिरचीचे ढीग रस्त्यावरून दिसतात, लाल जर्द. ती ढिगांकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

विणकर आता आंधळा झाला आहे, त्याच्या सुनेनं लुगडं दाखवलं. हिनं उन्हात नेलं, उलटं केलं, भिजवलं, सारं रीतीप्रमाणे केलं. पण मी दारात उभा राहून "लवकर आटप, एस.टी. सुटन" असं म्हणालो नाही. दरवर्षी म्हणायचो. ते तिनं टिपलं असणार.

बाजारात भज्याचं दुकान होतं. कढईतून मोठमोठ्या मिरच्यांचे भजे निघत होते. ती तिथं थांबली. द्रोण घेतला, एक भजा उचलला आणि तोंडाजवळ नेऊन तसाच धरला. खात नव्हती. मला वाटलं गरम असेल. म्हणालो, "खा, खा. थंडा होईन."

तिनं हात खाली केला. मी गेटवर ज्या नजरेनं माणसांकडे पाहायचो, पिशवीत हात घातल्यावर काहीतरी लागतं तेव्हा, त्याच नजरेनं तिनं मला पाहिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला भजा खायचा नव्हता. मी हिसकावून घेतो का, ते तिला पाहायचं होतं... मग तिनं तो भजा सावकाश, देठापर्यंत खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. मिरची तिखट असते, म्हणून मी विचारलं नाही.

तिथून आम्ही घाटावर गेलो. वैनगंगा संथ होती, वारा थंड होता. ती पायऱ्या उतरायला लागली. एक उतरली, मग आणखी एक, आणि चप्पल काढली. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. मी मागून पाहत होतो, आणि मला एकदम असा राग आला, तिचा, डॉक्टरचा, माझा, सगळ्यांचाच, की मी सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडलो, "अवं, येडी झाली का? थंड्या पान्यात पाय टाकते! तुले उचलून न्याले मायाजवळ ताकद नाही! चाल वर!"

कपडे धुणाऱ्या बाया थांबून पाहू लागल्या. ती वळली. सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"आता कसं!" ती म्हणाली. "सकायपासून कोन्या परक्या मानसासंगं फिरून राहिली होती मी. भेव वाटत होता मले." आणि वर येऊन तिनं माझा हात धरला. भर गावात, बायांसमोर. असं तिनं कधी केलं नव्हतं.

परत येताना एस.टी.त गर्दी होती. उमरेड गेल्यावर तिनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "अजी, डॉक्टर काय म्हनला होता?"

"गोळ्या बदलल्या."

"बरं," ती म्हणाली.

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसलो. पुढचा प्रश्न आला नाही. नागपूर आलं, रिक्षा केली, जेवलो, दिवा मालवला, तरी आला नाही. सारी उमर ज्या बाईनं माझं पहिलं उत्तर मानलं नाही तिनं त्या दिवशी ते मानलं. मेलेल्या बापाची शपथ न मानणारी बाई ती! तेव्हा मी समजलो की तिला सारं माहीत आहे. कधीपासून, ते आजही मला सांगता येत नाही. त्या दारापासून असेल, भज्यापासून असेल. आणि तिला माहीत आहे हे मला समजलं, हेही तिला माहीत असावं, असा माझा संशय आहे. दोघंही पकडले गेलो होतो, आणि दोघांनीही एकमेकांना गेटातून जाऊ दिलं. पुढं जितके दिवस ती होती तितके दिवस आम्ही हा विषय काढला नाही. अगदी शेवटी आलेले लोक मला हळूच विचारायचे, "त्यांना सांगितलं का हो?" मी म्हणायचो, नाही. ते खोटं नव्हतं.

पवनीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवर पडून होती, डोळे मिटलेले, पण मी तिचा श्वास ओळखतो, जागी होती. मी स्वयंपाकघरात गेलो. डॉक्टरकडून आल्यापासून तिखटाचा डबा मी स्टोव्हजवळ उघड्यावर ठेवून दिला होता. तो उचलला. वरच्या फळीवर, पाणी भरायच्या पितळी गुंडाच्या मागं ठेवला. तिचा हात फळीला कुठवर पुरतो ते मला माहीत होतं. म्हणून थोडा पुढं ओढून घेतला. झाकण मुद्दाम आपटलं आणि ओरडलो, "याले हात लावशील तं याद राख!"