रजयांखाली लपवलेला उत्तरवारा

माझ्या आईचं नाव मालसुन, म्हणजे शेवटची मुलगी. चार मुलींवर पाचवी झाली, तेव्हा आता पुरे असं देवाच्या कानावर घालायला घरच्यांनी हे नाव ठेवलं. लसणाच्या वावरात वाढलेली ही पोर सतराव्या वर्षी दक्षिण कोरियातल्या दैगू शहरात आली आणि सिटी बसवर कंडक्टर झाली. तेव्हा हे काम मुलीच करायच्या. दारात अर्धं अंग बाहेर काढून उभं राहायचं, माणसं पाठीनं आत रेटायची, पत्र्यावर थाप मारायची आणि “ओराय”, म्हणजे ऑल राइट, असं ओरडायचं की बस सुटायची. संध्याकाळपर्यंत आईचा घसा पार बसलेला असायचा.

तिच्या बसचे ड्रायव्हर गुककाका पुढच्या काचेशी छोटा रेडिओ बांधून ठेवायचे. एका सकाळी शेवटच्या थांब्यावर आई बस धूत होती आणि रेडिओवर एक गाणं लागलं. आधी नुसती गिटार, करवतीसारखी. मग ढोल, आणि मग एक माणूस असा गायला लागला, की जणू त्याचाही घसा दिवसभर ओरडून बसला होता. आईच्या हातातली बादली कलंडली आणि पाणी तिच्याच बुटात गेलं.

“गुककाका, हे कोण गातंय?”

“गातंय कुठे, भांडतायत,” काका म्हणाले. “उत्तरवारा म्हणून चार पोरं आहेत. केस बघ त्यांचे, तुझ्यापेक्षा लांब.”

सुट्टीच्या दिवशी आई स्टेशनजवळच्या रेकॉर्डच्या दुकानात गेली. दुकान नोहबाईंचं. त्यांनी तबकडी काढून दिली आणि विचारलं, “घरी प्लेअर कुठला आहे?”

“प्लेअर नाही.”

“मग वाजवणार कशावर, पातेल्यावर?”

“आधी हातात तर येऊ द्या,” आई म्हणाली.

ती तबकडी घेऊन ती थेट एका चहाघरात गेली. तिथे काचेच्या खोलीत बसून एक तरुण लोकांच्या फर्माइशीची गाणी लावायचा. त्याला हसू आलं. “लोक चिठ्ठी देतात ताई, तुम्ही रेकॉर्डच घेऊन आलात.” पण त्यानं लावली, दोन्ही बाजू. आई एका चहावर तिथे दुपारभर बसली. मला ती म्हणते, “दिवसभर लोक माझ्या अंगावर ओरडायचे. तिथे पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी माझ्या वतीनं ओरडतंय.”

त्यानंतर नाद लागला तो लागलाच. उत्तरवाऱ्याच्या तिन्ही तबकड्या झाल्या, मग इतरांच्या, मग बाजारात चोरून मिळणाऱ्या परदेशी गाण्यांच्या नकला. कंडक्टर मुलींच्या वसतिगृहात जागा नसल्यानं तबकड्या अंथरुणाखाली आडव्या असायच्या. आई अधूनमधून एखादी काढून उजेडात धरायची आणि रेघा बघायची. मैत्रिणी म्हणायच्या, “हिला नवरा नको, चकती हवी.”

पंचाहत्तर साली एकदम बंदी आली. ही गाणी तरुणांना बिघडवतात म्हणे. रेडिओ मुका झाला, चहाघरातला तरुण दुसरंच काहीतरी लावायला लागला. उत्तरवाऱ्याचं तर नावच नडलं; उत्तरेत शत्रूचं राज्य, मग तिकडून कसला वारा हवाय तुम्हाला, असं त्यांना विचारलं गेल्याचं लोक सांगायचे. विक्री बंद झाली हे नक्की होतं. घरात ठेवलेल्या तबकड्यांचं काय, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि भीती त्याचीच होती.

नोहबाई तिला दुकानाबाहेर भेटल्या. “उरलेला माल उचलून नेलाय,” त्या म्हणाल्या. “तू माझ्याकडून काय नेलंस ते मला काही आठवत नाही. तुलाही आठवू देऊ नकोस.”

पुढच्या वर्षी आईचं लग्न ठरलं. मुलगा कापडगिरणीत रंगारी, स्वभावानं गरीब, नाव तक इनचॉल. माझे बाबा. सगळं पसंत पडल्यावर मध्यस्थ बाई सहज म्हणाली, “सासरे पोलिसातून निवृत्त झालेत हो, कडक शिस्तीचं घर.” नुसते पोलिसातले नव्हे, चौकात उभं राहून लांब केसांच्या पोरांना पकडून कात्री चालवणाऱ्यांपैकी. पण आईला तबकड्या कुणाला देववेनात, फेकवेनात. नवरीनं सासरी न्यायच्या जाड रजया तिनं लाकडी पेटाऱ्यात भरल्या आणि त्यांच्या तळाशी तबकड्या.

बाबांना तिनं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“माझ्या बाबांना कळलं तर?”

“तुम्ही सांगणार आहात का?”

“मी कशाला सांगू?”

“मग कसं कळेल?”

तरीही पुढची दोन वर्षं दोघांनी धास्तीत काढली. सासूबाई आधीच वारल्या होत्या, घरात सासरे, म्हणजे माझे आजोबा, दिवसभर एकटे. आई बाजारातून परतताना आधी दारातल्या चपलांकडे बघायची, अनोळखी बूट तर नाहीत ना. इतर बायका ऊन पडलं की रजया कुंपणावर टाकायच्या. आईला तेवढ्यापुरती नेमकी पाठदुखी उद्भवायची.

एका हिवाळ्यात ती भाजी घेऊन घरी आली आणि उंबऱ्यातच थांबली. पेटारा जागेवर नव्हता. खोलीच्या ऊबदार टोकाला, जिथे जमिनीखालून कोळशाच्या चुलीची धग येते, तिथला जमिनीवर चिकटवलेला कागद उचकटलेला होता आणि आजोबा गुडघ्यावर बसून भेगेत ओली माती भरत होते.

“धूर वर येत होता,” ते मान वर न करता म्हणाले. “झोपेत मेला असतात दोघं. पेटारा हलेना म्हणून रिकामा करून सरकवला.”

आईनं भाजी तिथेच ठेवली. पेटारा पलीकडच्या गार भिंतीशी विटांवर उभा होता. तिनं झाकण उघडलं. रजया नीट घडी घालून एका बाजूला, आणि तबकड्या सगळ्या उभ्या, मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या, एकही कलंडू नये अशा.

“मामंजी,” ती कशीबशी म्हणाली, “मी त्या देऊन टाकीन.”

“कुणाला?”

“तुम्ही सांगाल त्याला.”

आजोबांनी हात फडक्याला पुसले. “पोरी, रेकॉर्ड आडव्या ठेवल्या, त्याही तापलेल्या जमिनीवर, तर कौलासारख्या वाकतात. उत्तरेशी लढाई झाली त्याआधी माझ्याकडे होत्या. सगळ्या अशाच घालवल्या मी. तुझ्या तीन वाकल्यात, बाकी वाचल्या.”

आईला रडू फुटलं. आजोबा गोंधळले आणि पुन्हा माती थापायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, “मी कापलेले केस कधीच वाढले असतील. नोकरी होती, केली. आता घरात कसली नोकरी?”

संध्याकाळी बाबा आले, तेव्हा आई जेवण वाढता वाढता मधेच हसत होती. बाबांना वाटलं, धूर डोक्यात गेला. खरं कळल्यावर त्यांनी दोन वाट्या भात जास्त खाल्ला आणि बसल्या जागी घोरायला लागले.

पुढच्या आठवड्यात आजोबांनी जुन्या बाजारातून झाकणाचा प्लेअर आणला. भर दुपारी, खिडक्या लावून, हलक्या आवाजात आईनं उत्तरवारा लावला. आजोबा मांडी घालून, पाठ ताठ ठेवून पूर्ण बाजू ऐकत राहिले.

“ह्याचा घसा दुखतोय,” ते शेवटी म्हणाले. “मध दिला पाहिजे.”

“आवडलं नाही का मामंजी?”

“असं कधी म्हणालो? दुसरी बाजू लाव.”

बंदी उठली तोवर मी शाळेत जायला लागले होते. आजोबा त्यानंतर फार जगले नाहीत, पण उत्तरवारा पुन्हा रेडिओवर लागला तो दिवस त्यांनी पाहिला. शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, हे आमच्याकडे आधीपासून आहे. आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्या फ्लॅटमध्ये भिंतभर तबकड्या आहेत, आणि कान कमी झाल्यामुळे ती आवाज मोठा ठेवते. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन तक्रार करते. आई तिला आत बोलावते, पर्सिमनचं फळ कापून देते, आणि आवाज इतकासाच कमी करते.