नरखेडहून रामदासपेठ: एका डेकच्या दर्शनाला

जबलपूरहून आमच्या लेकीची, शोभाची कॅसेट आली, म्हणून मी नागपूरला गेले. लोक नागपूरला दवाखान्यासाठी जातात, साड्यांसाठी जातात. मी एका यंत्राच्या दर्शनाला गेले. रंगीत टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. मी सांगते आहे, नात टाइप करते आहे. माझं ‘मले-तुले’ तिनं सरळ केलं. इतरांचं बोलणं मात्र मी शक्यतो होतं तसंच ठेवायला लावलं.

मला अक्षर येत नाही. लेकीचं पत्र कुणीतरी वाचायचं आणि माझ्याआधी साऱ्या आळीला कळायचं. म्हणून जावयांनी पत्राऐवजी बोलून भरलेल्या कॅसेटची टूम काढली. तीही आळीनंच ऐकली. आमच्या टेपचे सेल उतरले की शोभा तिच्या आजोबांच्या आवाजात बोलायची. त्या आवाजात ती म्हणाली, “मी मजेत आहे. बाळंतपण इथंच करू. मला न्यायला येऊ नका.”

पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! आळी म्हणाली, पोरगी सुखात आहे, तुला काय त्रास? पण शेवटी टेपच्या खरखरीत काहीतरी कुजबुजल्यासारखं होतं. पोरगी आपल्या मनानं नको म्हणते, की कुणी म्हणायला लावलं, एवढंच मला कळायला हवं होतं.

“टेप घासली असन वं,” आमचे हे म्हणाले.

“मग न घासणाऱ्या टेपवर ऐकू,” मी म्हटलं. ह्यांचा भाचा वसंता रामदासपेठेत राहायचा. त्यानं परदेशातून कॅसेट वाजवायचा मोठा भारी डेक आणवला होता आणि येईल त्याला तो दाखवत होता. आम्हालाच तेवढं बोलावलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नरखेडहून सकाळची एसटी धरा आणि मागच्या चाकावर बसू नका, काटोल यायच्या आत कंबर वेगळी आणि तुम्ही वेगळे. कळमेश्वरला गाडी थांबते, तिथली भजी तुमच्यासमोर कढईतून निघाली तरच घ्या. नागपुरात उतरल्यावर तर्री-पोहे खायलाच हवेत, पण नव्या साडीवर नको. रिक्षावाला पहिल्यांदा जे मागेल त्यावर मनमोकळं हसा, म्हणजे तो खरं सांगतो. ह्यांना हसता येत नाही, म्हणून ह्यांनी भाव केला आणि आम्ही बरंच अंतर पायी गेलो.

वसंताकडे डेकवर भरतकामाचं झाकण होतं. त्यानं ते असं उचललं की मी हात जोडणार होते.

“मामी, हे पाह्य. यात तीन हेड आहेत. एक पुसते, एक लिहिते, एक वाचते.”

“म्हणजे माझ्यापेक्षा शिकलेलं आहे,” मी म्हटलं.

आवाज मोठा झाला की दोन काटे नाचायचे. कॅसेटचं दार दाबलं की खटकन न उघडता हळूच, नव्या सुनेनं मान वर करावी तसं उघडायचं. कोणत्या जातीची टेप आहे त्याची बटणं वेगळी. कॅसेट मागं फिरवली की आकडा शून्यावर येताच आपोआप थांबायची. आमच्या घरात असं आपोआप थांबणारं माणूससुद्धा नव्हतं. एवढं सगळं होतं, फक्त स्वतःचा आवाज नव्हता. त्यासाठी शेजारी आणखी एक पेटी आणि दोन कपाटाएवढे स्पीकर.

शेवटी एकदाची आमची कॅसेट लागली. शोभा अगदी समोर बसून बोलावी तशी. खरखर नाहीच.

“हे बटन खरखर खाऊन टाकते,” वसंता म्हणाला.

त्या बटणानं कुजबुजही खाल्ली होती.

“खरखर परत आण.”

“काहून? याचेच तर पैसे आहेत, मामी!”

“मग पैसे वाचव. आण.”

खरखर आली, कुजबुजही आली; पण शब्द लागेना, कारण हे आणि वसंता दोघंही एकाच वेळी मला ऐकू येतं का ते विचारत होते. मग वसंतानं कानावर बसणारं एक यंत्र मला घातलं. स्पीकर बंद. काटे सगळ्यांना दिसत होते, आवाज मात्र मला एकटीला. लेकीची खबर पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या कानात आली.

“न्यायला येऊ नका,” शोभा म्हणाली. मग अगदी हळू, “म्हटलं मी, तुम्ही सांगितलं तसंच.” आणि तिच्या सासूचा आवाज, “बरं केलं. बंद कर आता.”

“काय म्हणून राहिली वं?” हे विचारत होते.

“मजेत आहे म्हणते.” खरं सांगितलं असतं, तर ह्यांनी तिथल्या तिथं व्याह्यांना तार ठोकली असती आणि पोरीला तिथं राहणं कठीण झालं असतं.

मी वसंताला म्हटलं, “यात बोलता येते का गा?” त्यानं आनंदानं माइक जोडला, कोरी कॅसेट घातली. आपण बोललेलं क्षणभरानं आपल्याच कानात येतं, ही या डेकची आणखी एक करामत. घरात माझं कुणी इतक्या लवकर ऐकत नाही.

जबलपूरलाही कॅसेट एकटं कुणी ऐकत नाही, शेजारीपाजारी जमतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शोभाशी बोललेच नाही. “विहीणबाई,” मी म्हटलं, “तुमचा जीव माझ्या लेकीवर किती! तिला सोडवत नाही तुम्हाला. मग तुम्हीही या. बाळंतपणभर आमच्याकडेच राहा. खोली सारवून ठेवली आहे. तुमच्यासारख्या मोठ्या मनाच्या बाई पहिलटकरणीला अडवत नाहीत, हे मी गावभर सांगितलं आहे.”

“मामी, काटा लालमध्ये जाऊन राहिला, हळू बोल!”

“जाऊ दे लालमध्ये. पोचलं पाहिजे.”

परतीच्या गाडीत हे झोपले. मी मात्र जागी होते. उत्तर येईल की नुसता राग येईल, ते त्या यंत्राला कुठं ठाऊक? घरी आल्यावर आळीनं विचारलं, डेक कसा आहे? मी म्हटलं, चांगला आहे. फक्त त्याचं सगळ्यात महाग बटण बंद ठेवा.

आज तो डेक वसंताकडे मुका पडला आहे. आतले रबरी पट्टे वितळले, दुरुस्त करणारा मिळत नाही. हळूच उघडणारं दार मला अजून आठवतं. आणि एकटीनं ऐकणं काय असतं, ते तर आठवतंच.

त्या साली, माझी कॅसेट पोचल्यावर, जावई शोभाला घेऊन नरखेडच्या स्टँडवर उतरले. विहीणबाई आल्या नाहीत. शोभा पोट सांभाळत माझ्याजवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, “आई, तू एवढी गोड कधीपासून बोलाले लागली वं? माझी सासू घाबरली नं!”