टाचणीकाकूंच्या वाटचं नामस्मरण

टाचणीकाकू हे नाव गिऱ्हाइकांनी दिलेलं. ओठांत टाचण्या धरून बाई विष्णूची हजार नावं पुटपुटायच्या आणि एकही टाचणी खाली पडायची नाही. त्यातलं एक नाव दिवसभरासाठी निवडायचं नि शिवता शिवता त्याचा अर्थ घोळवायचा, हा त्यांचा नेम. 'अच्युत', म्हणजे न ढळणारा, हे नाव असलं की कॉलर हमखास नीट बसते, असं त्या म्हणत.

मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. नावं मनातही घेता येतात, हे त्यांना कळत होतं; पण कानांवर पडल्याशिवाय चित्त जागेवर राहीना. त्या रडल्या तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, मी आहे ना. मी म्हणतो, तू ऐक."

जन्मभर बसची कंडक्टरकी केलेला माणूस, आवाज खणखणीत. रोज सकाळी आतल्या खोलीचं दार लोटून तो म्हणायचा. बाहेर काकू मशीन थांबवून ओठ हलवायच्या. 'भिषक्', म्हणजे वैद्य, या नावापाशी तो रोज क्षणभर थांबे. माझ्या घशासाठीच थांबतो, असं काकूंनी धरलं. एवढ्या संसारात त्याने कधी गोड शब्द बोलून दाखवला नव्हता. हे थांबणं त्यांना पुरत होतं.

एकदा त्याला सडकून सर्दी झाली. सकाळी चहा मागतानाही घशातून धड शब्द फुटेना. तरी दार लोटल्यावर नावं नेहमीसारखीच खणखणीत आली. देवाची कृपा, दुसरं काय! काकूंचे डोळे भरले. गरम पाण्याचा पेला घेऊन त्या आत गेल्या.

नवरा पलंगावर पायाची नखं कापत बसला होता. नावं उशीवरच्या मोबाइलमधून येत होती.

"पहिल्याच आठवड्यात भरून ठेवलंय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आवाज माझाच आहे ना? देवाचं काय अडतंय?"

देवाचं काही अडत नव्हतं. डॉक्टरांनी गळा कापला तो निदान सांगून. याने केसाने कापला. पेला खाली ठेवून काकूंनी कमरेला खोचलेल्या खडूने चादरीवर लिहिलं, 'भिषक्ला का थांबायचास?'

तो आठवू लागला. "तिथं? हां, पोथीचं पान चिकटलं होतं."

दुसऱ्या दिवशी तो ओशाळून त्यांच्यासमोर येऊन बसला आणि बसलेल्या घशाने स्वतः म्हणू लागला. भिषक्पाशी चांगला थांबला, त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी मशीनवरचा पाय थांबवला नाही.