रानअंजिराची चार झाडं

बागेत त्याला सगळे दाजीच म्हणत. लग्न झालं तेव्हा मेहुणा जेमतेम बोलायला लागला होता. तो दाजी म्हणायला लागला, मग गडी म्हणू लागले, पुढे अंजीर घ्यायला येणारे व्यापारीही. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, हाताखाली घरचा माणूस हवा होता आणि थोरल्या लेकीला लांब द्यायचं नव्हतं. दाजीच्या घरी भाऊ चार आणि खोली एक. त्यामुळे नवरी जिथं जन्मली तिथंच नांदायला लागली आणि नवराच एक ट्रंक घेऊन सासरी आला.

पहिल्याच उन्हाळ्यात सासरे त्याला ओढ्याच्या कडेला घेऊन गेले. तिथं रानअंजिराची चार झाडं होती. फळं कोरडी, गुरंही तोंड लावणार नाहीत अशी. सासऱ्यांनी एक फळ फोडून तळहातावर धरलं. आत चिलटांएवढ्या माश्या वळवळत होत्या.

"हे पिवळे दिसतात ना, ते नर. पंख नाहीत, डोळे असून नसल्यासारखे. मादी अजून कोषात झोपलेली असते, तेव्हाच तिला गाठतात. मग तिला बाहेर पडायला भोक पाडून देतात आणि आतच मरतात. मादी अंगभर पराग घेऊन उडते, ती आपल्या अंजिरात शिरते. शिरताना पंख तुटतात. अंडी घालायला आपल्या अंजिरात जागाच नसते, म्हणून ती तिथंच संपते. पण तिच्या अंगावरच्या परागानं आपलं फळ धरतं."

"आणि ती रानअंजिरात शिरली तर?"

"तर तिची पिल्लं होतात. रानअंजीर तिला घर देतं, ती आपल्याला फळ देते." मग गड्यांकडे बघत सासरे हसले, "नर मात्र जन्मभर घराबाहेर पडत नाही. घरजावई!"

गडी खो खो हसले. दाजीही हसला. त्या रात्री बायकोनं जेवायला वाढलं, तर भूक नाही म्हणाला.

तेव्हापासून रानअंजीर दोऱ्यात ओवून बागेतल्या झाडांवर माळा टांगायचं काम त्याचंच झालं. काम त्याला आवडायचं. पहाटे माश्या बाहेर पडायला लागल्या की तो झाडाखाली उभा राहून बघत बसे. मूलबाळ झालं नाही. बायको बागेतच रमायची. कुठल्या झाडाला कधी पहिलं फळ आलं ते तिला तोंडपाठ होतं.

मेहुणा शिकायला मामाकडे गेला, तो तिकडेच यंत्रांच्या सुट्या भागांच्या धंद्यात पडला. वडील गेल्यावर परत आला आणि मालक झाला. स्वभावानं दुष्ट नव्हता, पण त्याला घाई फार. आल्या आल्या त्यानं बहिणीची मोठी खोली कचेरीसाठी घेतली. एकदा व्यापाऱ्याशी दाजी भाव बोलत होता, तर सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, व्यवहाराचं मी बघतो. तुम्ही जरा चहाचं सांगा."

दाजी उठला आणि चहाचं सांगून आला.

त्या हिवाळ्यात मेहुण्याला माल भरायला शेड बांधायची होती. ओढ्याकडची जागा रस्त्याला लागून होती.

"ही झाडं कशाची, दाजी? आप्पा त्या माळा टांगायला लावायचे तीच ना? नजर लागू नये म्हणून?"

गड्यांनी दाजीकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. दाजीच्या तोंडापर्यंत तो आलाही.

"तुम्ही मालक," तो म्हणाला. "तोडायची तर तोडा."

तो मूग गिळून बसला म्हटल्यावर गडीही गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत चारही झाडं आडवी झाली. बायको धावत आली.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याला?"

"मला विचारतंय कोण?"

उन्हाळ्यात बाग नेहमीसारखीच लगडली. मेहुणा खूश होता. मग अंगठ्याएवढी झालेली फळं पिवळी पडली, सुरकुतली आणि गळायला लागली. झाडाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. औषधवाल्यानं फवारणी सांगितली, ती झाली. पाणी वाढवून झालं. शेवटी मेहुण्यानं एका म्हाताऱ्या गड्याला दरडावलं, तेव्हा त्यानं खरं सांगितलं.

मेहुणा दाजीच्या दारात आला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

वाटलं होतं, तो ओरडेल. दाजीनं त्याचं उत्तरही कितीतरी दिवस घोळवून ठेवलं होतं. पण मेहुणा उंबऱ्यावर बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला.

पुढच्या वर्षी दाजी स्वतःहून लांबच्या एका बागेत गेला आणि रानअंजिराचं पोतं घेऊन आला. बायकोनं दोरे तयार ठेवले होते. पोतं उघडलं तर फळं रिकामी. माश्या वाटेतच उडून गेल्या होत्या. तरी दोघांनी दिवसभर माळा टांगल्या. फळ धरलं नाही. रानअंजिराची नवीन कलमं लावावीत तर ती फळायला कितीतरी वर्षं, आणि मेहुण्याला तेवढा दम नव्हता. त्यानं बाग वीटभट्टीवाल्याला विकली. भट्टीवाल्यानं दाजीला राखणीला ठेवून घेतलं, मागची खोलीही दिली.

मेहुणा शहरात दोन खोल्या घेऊन राहायला गेला, त्या दिवशी बायकोनंही पिशवी भरली.

"कुठं निघालीस?"

"भावाकडे."

"मी त्याला अद्दल घडवायला गेलो गं. तुझं वाईट करायचं मनात नव्हतं."

"माझं काहीच नव्हतं तुमच्या मनात," ती म्हणाली. "तुमचं आणि त्याचं चाललं होतं. झाडं माझी पण होती." तिनं चपला पायात सरकवल्या. "माहेरीच नांदले, त्यामुळे माहेरी जाणं काय असतं ते मला माहीतच नव्हतं. आता पहिल्यांदा निघालेय."

मेहुणा गाडी चालू करून थांबला होता. तो दाजीकडे बघून म्हणाला, "येतो." सवयीनं म्हणाला असेल.

ती पुन्हा आली नाही. दाजी दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा तिनं चहा केला, समोर ठेवला आणि आत जाऊन बसली. तिसऱ्यांदा तो गेला नाही. झाडं भट्टीत जळायला लागली तेव्हा कुठलं झाड कुठलं, हे ओळखणारं माणूस तिथं उरलं नव्हतं. दाजीला त्यातली थोडीच ओळखू आली.