एका खुंटावरच्या दोघी

इंदुताईंची आणि माझी पहिली भेट एका रडणाऱ्या झाडामुळे झाली. गौरवग्रंथात असं काही लिहू नये म्हणतात. पण ताईंच्या पंच्याहत्तरीला मी गुळमुळीत लिहिलं, तर त्याच माझे कान उपटतील.

ताई शहाद्यात शाळेत शास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर बॉन्सायचा संसार मांडला. तापीकाठच्या उन्हात थंड मुलखातला मेपल जगवणं म्हणजे वेडेपणाच! पण ताई उन्हाळा लागला की आपल्या कुंड्या ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि जीपने घाट चढवून धडगावला बहिणीच्या परसात नेऊन ठेवतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "माहेरले गयात त्या."

मी लग्न करून शहाद्यात आले तेव्हा आमच्या घरातही एक मेपल होता. ह्यांच्या पहिल्या पत्नीने, म्हणजे लहानग्या मनूच्या आईने, सिमल्याच्या सहलीतून आणलेला. खाली साध्या हिरव्या मेपलचा खुंट, त्यावर बांधलेलं लाल पानांचं कलम. ती वारली, आणि पुढे मी आले. रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्ती. सणाचा पहिला नैवेद्य तिला, मग मला घास. त्याचं मला काही वाटलं नाही. भीती वाटली ती झाडाची. कलमाच्या सांध्याखाली खुंटातून एक हिरवा फुटवा आला होता. खिडकी एका बाजूला, आणि फुटवा वळायचा दुसऱ्या बाजूला, मनूच्या पलंगाकडे. कुंडी कशीही फिरवा, चार दिवसांत तो तिकडेच. वरचं लाल कलम मात्र सुकत चाललेलं. मनू त्या फुटव्याशी बोलत बसे. मला ती कशानेच हाक मारत नसे, आई नाही की मावशी नाही. मला तिची एक हाक हवी होती, बस्स.

माघात एके दुपारी ह्यांनी वैतागून फुटव्याचा शेंडा छाटला. जखमेतून पाणी टपकायला लागलं ते थांबेचना. मनू अगदी शांतपणे म्हणाली, "माय रडी ऱ्हायनी." मी तशीच उठले. कुंडी मांडीवर घेतली, मनूला शेजारी बसवलं आणि रिक्षाने तडक ताईंचं घर गाठलं.

ताई हसल्या नाहीत, हा त्यांचा पहिला उपकार. "रस चढाना टाईमले मेपल काटतस नही, बाई. तो गळतच ऱ्हास," त्या म्हणाल्या. मग माझ्या गळ्यातल्या टाकाकडे पाहून हळूच विचारलं, "तुले भ्याव लागस?" मी म्हटलं, "भीती वाटते हो, ताई."

कात्रीला हात लावण्याआधी झाडाचा चेहरा ठरवायचा, म्हणजे बघणाऱ्यासमोर येणारी बाजू, ही ताईंची पद्धत. ते काम त्यांनी मनूला दिलं. मनूने कुंडी सावकाश फिरवली आणि फुटवा समोर येताच थांबवली. "आठून ती दखस," ती म्हणाली. इथून ती बघते!

खुंटाचा फुटवा कापायचा असतो, हे मलाही ऐकून ठाऊक होतं. मी तसं म्हटलं, तर मनू रडकुंडीला आली. "काटशात ते माय चाली जाई."

"आनि नही काटं, ते तुन्ही मायनी आनेल लाल झाड मरी जाई," ताई म्हणाल्या. शिकवणाऱ्या माणसाचा हा सरळपणा. मुलीला त्यांनी खोटा धीर दिला नाही. बराच वेळ झाड न्याहाळून त्यांनी ठरवलं, "दोन्ही जगतीन. पन एकच मुळीवर नही."

उन्हाळ्यात आपल्या कुंड्यांबरोबर त्यांनी आमचंही झाड धडगावला नेलं आणि नवी पालवी पक्की झाल्यावर सांध्याच्या वर सालीची अंगठीसारखी पट्टी सोलली, ओलं शेवाळ बांधलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. ही गुटी. लाल कलमाला स्वतःची मुळं फुटावीत म्हणून. तोवर खालचा फुटवा त्यांनी दोन पानांवर खुडून आखूड ठेवला, सगळा जोर त्याने खाऊ नये आणि जीवही जाऊ नये म्हणून. गुडघे दुखत असताना शेवाळाची ओल बघायला त्या पुन्हा पुन्हा घाट चढत. दुसऱ्याच्या झाडासाठी कोण करतं हो एवढं?

प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली तेव्हा ताई झाड घेऊन आमच्या घरी आल्या आणि गुटीखाली करवत चालवली. वारा नव्हता. लाल झाड वेगळं करून बाजूला ठेवलं, तरी हिरव्याची पानं हलत होती. मी पाहिलं. ताईंनीही पाहिलं, आणि लाल झाडासाठी दुसरी कुंडी भरली.

मनूने ती लाल झाडाची कुंडी उचलली. आमच्याकडे पाठ करून हिरव्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माय, हाई कोठे ठेऊ?"

कोणाला विचारलं? ताईंनी माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी कुजबुजल्या, "ती जबाब देई, त्याना पहिले तू दे!"

"खिडकीत ठेव, बेटा," मी जवळजवळ ओरडलेच. मनू वळली आणि तिने कुंडी खिडकीत ठेवली.

इंदुताईंना निरोगी, शंभरीपलीकडचं आयुष्य लाभो. त्यांचा हात कधी थरथरू नये, घाट त्यांना जड वाटू नये. यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. मनू आता रोज 'माय' म्हणून हाक मारते. मी हातातलं काम टाकून धावते. अजून तरी आधी माझंच उत्तर पोचतं.